आडातले पाणी आणि गावचे हसू



वसंतातल्या व्याख्यानाचा आणि विहिरीचा संबंध काय, असा प्रश्न आजचा विषय वाचून काहींच्या मनात आला असेल. संबंध ऋतूचा आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात अशा व्याख्यानांचा पायंडा पाडला, तेव्हापासून ती चैत्र-वैशाखात होत आली. आणि नेमक्या ह्याच दोन महिन्यांत खेड्यातल्या घरच्या विहिरी तळ गाठतात. आपण येथे संध्याकाळच्या गार वाऱ्यात ज्ञानाची तहान भागवीत बसलेलो असतो, त्या वेळी दहावीस कोसांवर कोणी बाई आडाच्या तळाशी पोहरा आपटीत असते, आणि पोहऱ्याचा तो कोरडा खणखणाट ऐकून शेजारीण म्हणत असते, "अगं, हळू! खालचा दगड फुटेल, पाण्याला पळून जायला वाट होईल."

ही जी थट्टा आहे, तिचा थोडासा इतिहास आज मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे. हे काम वाटते तितके सोपे नाही. लढाईची तारीख सापडते, तहाची सापडते. हसणारा माणूस मात्र तारीख घालून हसत नाही. तेव्हा थट्टा जिच्यावर झाली त्या विहिरीचाच माग काढीत गेले पाहिजे.

मोठ्या लोकांच्या विहिरींचा इतिहास आपल्याला चांगला ठाऊक आहे. साताऱ्याजवळ लिंब गावी बारा मोटांची विहीर आहे. ती वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. तिच्या पोटात लहानसा महालच आहे. अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी बांधविलेल्या विहिरी आणि बारवा आपण यात्रेच्या निमित्ताने पाहिलेल्या असतात. अशा विहिरींना शिलालेख असतात. घरच्या परसातला आड मात्र कोणी खणला, किती परस खोल गेला, त्यात किती दागिने गहाण पडले, हे कोठेही कोरलेले नसते. त्याची नोंद राहिली ती म्हणींत. "आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?" "इकडे आड, तिकडे विहीर." "तहान लागल्यावर विहीर खणणे." "पाणी कोठेतरी मुरते आहे." वकील, पुढारी, व्यापारी, सारे शहरात बसून ही भाषा वापरतात, परंतु ती घडली आडाच्या काठावर, दोर ओढता ओढता.

हा विनोद महाराष्ट्रात इतका का पिकला, याचे कारण जमिनीत आहे. आपल्या राज्याच्या चार-पंचमांशाहून अधिक भूमीखाली काळा कातळ आहे. ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थरावर थर साचून तो झालेला आहे. गंगेच्या काठी गाळाच्या जमिनीत खणत गेले की पाणी बहुधा लागतेच. येथे तसे नाही. कातळाचा वरचा भाग झिजून मुरूम झालेला असतो, त्यात आणि दगडाच्या भेगांत पावसाचे पाणी साठते. त्याखालचा अभंग कातळ पाण्याला थारा देत नाही. म्हणून एका भावाच्या विहिरीला पाणी लागते आणि बांधापलीकडे दुसऱ्या भावाची विहीर कोरडी जाते. कोकणात दुसरीच तऱ्हा. आषाढात अंगणातून पाणी वाहते, विहीर काठोकाठ भरते. पण जांभा दगड जाळीसारखा. वैशाखात तीच विहीर रिकामी होते. शंभर-सव्वाशे इंच पावसाच्या मुलखात पाहुण्याला आंघोळीचे पाणी बेताने वापरा असे सांगावे लागते, यापेक्षा निसर्गाने केलेली मोठी थट्टा कोणती?

जेथे नशिबाचा खेळ आहे तेथे भविष्य सांगणाराही आलाच. त्याला आपण पाणाडी म्हणतो. कोणी हातात दुबेळक्याची काठी धरून शेतातून फिरतो, कोणी तळहातावर नारळ ठेवून तो उभा राहण्याची वाट पाहतो, कोणी उंबराचे झाड शोधतो. ही विद्या निव्वळ भोंदूपणाची होती असे मानण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा एक अध्यायच भूमिगत पाण्यावर लिहिला असून, झाडे, वारुळे, मातीचा रंग यांवरून पाण्याची खूण कशी ओळखावी हे त्यात सांगितले आहे. निरीक्षणाचा तो एक मोठा साठा आहे. परंतु निरीक्षण मागे पडले आणि नारळ पुढे आला, तेव्हा गावाने पाणाड्याला थट्टेचे गिऱ्हाईक केले. पाणी लागले नाही की पाणाडी म्हणतो, "आणखी पाच हात जा." पाच हात गेल्यावर पुन्हा पाच हात. शेवटी मालक विचारतो, "बाबा, तुमच्या घरी पाणी कोठून आणता?" तो म्हणतो, "शेजाऱ्याच्या विहिरीवरून." ही गोष्ट मी निरनिराळ्या गावांत ऐकली आहे, आणि प्रत्येक गावी ती शेजारच्या गावच्या पाणाड्याची म्हणून सांगितली जाते. हसून झाले की एक गोष्ट लक्षात येते. ती सांगणाऱ्या बहुतेकांनी स्वतः पाणाडी बोलाविलेला असतो. कर्ज काढून खणावयाचे आणि खाली काय आहे ते दिसत नाही, अशा वेळी माणसाला कोणाचा तरी शब्द हवा असतो. तो खोटा ठरला तर निदान एक गोष्ट तरी पदरात पडते.

विहिरीला पाणी लागले म्हणजे दुःख संपले असेही नाही. मग पाण्याच्या खोडी सुरू होतात. कोठे पाणी मचूळ, कोठे जड. जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात; त्यात साबण फेसत नाही आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही. त्यामुळे कित्येक गावांत प्यायचे पाणी घरच्या आडाचे, पण डाळीपुरती एक घागर लांबच्या गोड्या विहिरीची, असा रिवाज होता. डाळ कच्ची राहिली की सासू सुनेला बोल लावी आणि सून आडाला. "तुमच्याच वडिलांनी खणलेला आहे," हे तिचे शेवटचे उत्तर. त्यापुढे सासूला बोलता येत नसे.

पोहरा आडात पडणे ही तर प्रत्येक घरची घटना. तो काढण्यासाठी चारपाच आकड्यांचा लोखंडी गळ लागतो. आमच्या आजोळी असा गळ साऱ्या आळीत एकच होता. तो ज्याच्या घरी असे त्याच्याशी कोणी भांडण काढीत नसे. दोर सोडून गळ तळाशी फिरवावयाचा, आणि काय वर येते ते पाहावयास मुलांची गर्दी. आपला पोहरा सोडून शेजाऱ्याची तांब्याची कळशी, कोणाची तरी हरवलेली पळी, असे काहीबाही वर येई, आणि ज्या चोरीचा आळ तीन वर्षे मोलकरणीवर होता तो एका क्षणात फिटे. त्या दिवशी सारी आळी हसली. मोलकरीण हसली नाही. ते मला तेव्हा कळले नव्हते.

विहीर कोणाची आणि पाणी कोणाचे, हा वादही जुना आहे. बिरबलाची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली आहे. एकाने विहीर विकली आणि दुसऱ्या दिवशी म्हणाला, विहीर विकली, पाणी नव्हे. बिरबलाने निवाडा केला: मग तुझे पाणी त्याच्या विहिरीत ठेवल्याबद्दल भाडे दे, नाहीतर सारे पाणी काढून ने. आपण हसतो, पण कायद्यानेही हा प्रश्न पुढे गंभीरपणे घेतला. १८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्याने, जो १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला, जमिनीखालचे जे पाणी ठराविक प्रवाहाने वाहत नाही ते आपल्या हद्दीत काढून घेण्याचा हक्क जमिनीच्या मालकाला मान्य केला. ज्याचे शेत त्याची विहीर आणि ज्याची विहीर त्याचे पाणी. पण खालचे पाणी बांध ओळखत नाही. माझी विहीर तुमच्यापेक्षा खोल गेली की तुमचे पाणी मुकाट्याने माझ्याकडे येते, आणि कायद्याच्या दृष्टीने मी चोर ठरत नाही. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यास महाराष्ट्राने १९९३ साली कायद्याने बंधन घातले, तेव्हा शंभर वर्षांनी बिरबलाच्या निवाड्याला पुरवणी जोडली गेली.

आता मी अशा गोष्टीकडे येतो की जेथे हसणे अडखळते. विहिरीच्या काठावर थट्टा करावयाची तर आधी काठावर उभे राहता आले पाहिजे. आपल्या गावांतल्या हजारो माणसांना तो अधिकारच नव्हता. कोणी वरून ओतील तेवढे ओंजळीत घ्यावयाचे, नाहीतर रिकामी घागर घेऊन ताटकळत बसावयाचे. महात्मा फुले यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना मोकळा केला. एका घरच्या पाण्याने केलेली ही केवढी मोठी गोष्ट होती! १९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्या वर्षी चवदार तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर लिहिले, आणि तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी त्या तळ्याचे पाणी प्याले तेव्हा त्यांच्यावर हल्ला झाला. त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, त्यांनी ते बाटत नव्हते. माणसाच्या ओंजळीने मात्र बाटले, आणि मग १०८ घागरी पंचगव्य ओतून त्याची शुद्धी करण्यात आली. शेणाने आणि गोमूत्राने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या हाताने अशुद्ध होते, यापेक्षा विपरीत विनोद कोणत्या प्रहसनकाराला सुचला असता? तो कोणी रचलेला नव्हता. तो आमच्या रिवाजाचाच होता, आणि त्यात हसणारा कोण व रडणारा कोण हे ठरलेले होते. न्यायालयातून शेवटचा निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले.

बायकांच्या बाबतीतही असेच थांबून पाहिले पाहिजे. पाणवठ्यावरच्या गप्पांची आपण पुरुषमंडळी चेष्टा करतो. पण सासुरवाशिणीला घराबाहेर मोकळे बोलण्याची जागा दुसरी होती कोठे? डोक्यावर दोन घागरी, कडेवर तिसरी, आणि वाटेत जे चार शब्द हसून बोलता आले तेवढीच तिची विश्रांती. त्याच आडाशी मराठी भाषेने दुसराही एक शब्दप्रयोग जोडून ठेवला आहे: "तिने विहीर जवळ केली." हा वाक्प्रचार तयार होण्यास किती जणींनी ती जवळ केली असेल याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही. म्हणून विहिरीवरचा विनोद ऐकताना मी नेहमी पाहतो की दोर कोणाच्या हातात आहे. जो ओढतो त्याची थट्टा ही सहनशक्ती असते. जो नुसता पितो त्याची थट्टा पुष्कळदा कृतघ्नपणा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विहिरीच्या काठावर एक नवे पात्र आले. ते म्हणजे आरोग्यखात्याचा माणूस. पटकीचा जंतू पाण्यातून पसरतो हे कळून चुकले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली कलकत्त्यास येऊन आपले संशोधन पुरे केले होते. पुढे हँकिन या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून उत्तर हिंदुस्थानात विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्यास सुरुवात झाली, आणि पाणी जांभळे-लाल दिसू लागले. ज्या लोकांना पाणी स्वच्छ दिसत होते त्यांना सांगावयाचे की ते विषारी आहे, आणि लाल दिसते ते आता चांगले झाले आहे! लोक बिथरले नसते तरच नवल. पुढे ब्लीचिंग पावडर आली, जिला आपल्या खेड्यांत टी.सी.एल. म्हणतात. "पावडर कधी टाकणार ते आधी सांगत जा," असे गावकरी आरोग्यसेवकाला आवर्जून म्हणत. त्याला वाटे, काय ही जागृती! खरे कारण असे की, त्या दिवशी त्यांना दुसऱ्या विहिरीचे पाणी आणावयाचे असे.

खेडूत अडाणी म्हणून असे वागला, असा समज करून घेऊ नका. मुंबईसारख्या शहरात १९११ साली डॉ. बेंटली यांनी हिवतापाची चौकशी करून घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखविले आणि विहिरी झाकण्याचे, बुजविण्याचे हुकूम निघू लागले, तेव्हा शिकलेल्या घरांतूनही विरोध झाला. विहिरीत दैवत राहते, तिला कोंडू नये, ही भावना सर्व धर्मांच्या मालकांत होती. मुंबई नगरपालिकेतले अधिकारी रुस्तम मसानी यांनी ह्याच अनुभवातून विहिरींच्या लोकश्रद्धांवर १९१८ साली एक इंग्रजी पुस्तक लिहिले. हुकूम बजावणाऱ्याने हुकूम न मानणाऱ्यांच्या मनाचा इतक्या आस्थेने शोध घ्यावा, हे उदाहरण विरळाच.

आणि येथे इतिहासाने घरच्या आडाच्या बाजूने एक निकाल दिला आहे, तो सांगितला पाहिजे. ज्या पायऱ्यांच्या बारवांचे आपण कौतुक करतो, त्यांतच नारूचा रोग वाढला. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, जखमेतून जंतूची पिल्ले पाण्यात जात, आणि तेच पाणी प्यायलेल्याच्या अंगातून वर्षभराने हात-दीड हात लांबीचा जंत बाहेर येई. काडीला गुंडाळीत तो दिवसेंदिवस ओढून काढावा लागे. पायऱ्या बंद करून पोहऱ्याने पाणी काढावे, फडक्याने गाळून प्यावे, अशा साध्या उपायांनी हा रोग हटला. भारतातला शेवटचा रोगी १९९६ साली आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. म्हणजे शिलालेखवाल्या बारवेपेक्षा परसातला अरुंद, बेढब आड या एका बाबतीत अधिक शहाणा होता.

१९७२ च्या दुष्काळाने विहिरीचे रूपच पालटले. यंत्राने कातळाला भोक पाडून पाणी काढण्याची रीत गावोगाव पोहोचली आणि हापसा आला. पहिले ओतीव लोखंडाचे हापसे एका कुटुंबाच्या वापराच्या बेताने घडविलेले. त्यांवर सारे गाव तुटून पडले. १९७४ च्या सुमारास युनिसेफने पाहणी केली तेव्हा सुमारे तीन-चतुर्थांश हापसे बंद आढळले. अभिमानाची गोष्ट अशी की, यावरचा उपाय आपल्याच जालना आणि सोलापूर भागातल्या मिशनच्या कारखान्यांत घडलेल्या मजबूत पंपांतून निघाला, आणि त्यांतल्या सोलापूरच्या नमुन्यावरून तयार झालेला 'इंडिया मार्क टू' हापसा पुढे जगभर गेला. पण भोक जितके सोपे झाले तितकी हाव वाढली. शंभर फुटांवरचे पाणी तीनशेवर, तीनशेचे आणखी खाली गेले. बोअरच्या गाडीभोवती रात्रभर जागणारे घर ज्याने पाहिले आहे त्याला ही थट्टा कळेल: "काय हो, पाणी लागलं का?" "लागलं की, मालकाच्या डोळ्यांना."

यानंतर विहिरी कागदावर खणल्या जाऊ लागल्या. अनुदान मंजूर, हप्ते उचललेले, विहीर कोठेच नाही. मग एखाद्या चतुर माणसाने विहीर चोरीला गेल्याची फिर्याद द्यावी, या कल्पनेवर २००७ साली 'जाऊ तिथे खाऊ' हा मराठी चित्रपट निघाला आणि लोक पोट धरून हसले. जिलानी बानो यांच्या उर्दू कथेतही हेच बीज होते. तिच्या आधारे श्याम बेनेगलांनी 'वेल डन अब्बा' काढला, तो २०१० साली प्रदर्शित झाला. पूर्वी थट्टा पाणाड्याची होती, नंतर पावडरवाल्याची झाली, आता कचेरीची झाली. खड्डा कोणी खणला याची चौकशी करणारे लोक खड्डाच नाही म्हणून हसू लागले.

थट्टेला एक शेवटची सीमाही आहे. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथे विहीर भरलेली असूनही पाणी तोंडात धरवत नाही. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यात फ्लोराइड इतके की, लहान मुलांचे दात पिवळे-तपकिरी पडतात. तेथली मुले हसताना ओठावर हात धरतात. पाण्याने माणसाचे हसणेच काढून घेतल्यावर तेथे दुसऱ्याने कसला विनोद करावा?

आपण नळाचे धनी आहोत म्हणून या गोष्टी दुरून ऐकतो. परंतु लातूर हे खेडे नव्हे. एप्रिल २०१६ मध्ये त्या शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. त्या दिवसांत तेथल्या कित्येकांना आपल्या वाड्यात कधी काळी आड होता हे आठवले असेल. नळ आला तेव्हा आपण तो बुजविला. कोणी त्यात घर पाडल्याचे दगड टाकले, कोणी निर्माल्य, कोणी कचरा. आणि वर फरशी बसवून त्यावर पाट मांडून जेवलो.

तेव्हा श्रोतेहो, आज घरी गेल्यावर एवढेच करा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, आपला आड कोठे होता. जागा सापडली तर गाळ काढता येतो का ते पाहा. आड राहिला नसेल तर निदान पावसाळ्यात छपराचे पाणी जमिनीत मुरेल अशी सोय करा. आणि पुढच्या वैशाखात खेड्यातला एखादा पाहुणा आपल्या विहिरीची थट्टा करू लागला, तर हसा, अवश्य हसा. पण हसता हसता त्याला आधी एक तांब्या पाणी भरून द्या.